निकालाचं पान उघडं सापडलं, आता सांगू कुणाला?

पत्रातला प्रश्न थोडक्यात: लातूरला खोली करून राहणारा एकोणीस वर्षांचा मुलगा लिहितो. गाव बीड जिल्ह्यात, शिक्षण बीसीएचं दुसरं वर्ष. धाकटी बहीण लातूरमध्येच एका खासगी क्लासमध्ये नीटची तयारी करते. क्लासच्या संकेतस्थळावर तिच्या चाचणीचा निकाल बघताना पानाच्या पत्त्यात शेवटी तिचा रोल नंबर दिसला. त्याने शेवटचा आकडा बदलून पाहिला, तर दुसऱ्याच मुलीचं पान उघडलं. नाव, फोटो, गुण, वडिलांचा मोबाईल, घरचा पत्ता, सगळं समोर. पासवर्ड कुठेच विचारला नाही. त्याने तीस-चाळीस पानं उघडली, काहींचे स्क्रीनशॉट काढले आणि खोलीतल्या मित्राला दाखवले. मित्राने त्यातला एक 'आपला भाऊ हॅकर' असं लिहून स्टेटसला टाकला. मग एकाचा निरोप आला, अमक्या मुलीचा नंबर काढून दे, पैसे देतो. दुसऱ्याने विचारलं, गुण वाढवता येतेत का? याने दोघांनाही उत्तर दिलं नाही. स्टेटस आता काढलाय. "तवापासून झोप नाही. पिक्चरमध्ये दाखवतेत तसं पोलीस लोकेशन काढून उचलतील का? लॅपटॉप फॉरमॅट मारू का? का आपणच काहीतरी मोठं करून दाखवावं, म्हणजे पोलीसच कामाला ठेवतील? क्लासला सांगितलं तर बहिणीला काढून टाकतील."

मित्रा,

लॅपटॉप फॉरमॅट करू नकोस. फोनमधले ते दोन निरोपही पुसू नकोस. बाकीचं सावकाश बोलू, पण एवढं आजच ऐक.

तू जे केलंस ते आज सरळ सांगता येतं. बहिणीचा निकाल बघत होतो, आकडा बदलला, दुसऱ्याचं पान उघडलं, उत्सुकता वाटली म्हणून आणखी उघडली. हे खरं आहे याचा पुरावा तुझ्याच लॅपटॉपमध्ये आणि फोनमध्ये आहे. पासवर्ड फोडायचं कुठलंही साधन वापरलं नाही, हे ब्राउझरची हिस्टरी सांगेल. पैसे देऊ केले तेव्हा तू गप्प राहिलास, हे तो निरोप सांगेल. उद्या हे सगळं पुसलंस तर मागे उरेल फक्त क्लासच्या सर्व्हरवरची नोंद: अमक्या रात्री एकाच ठिकाणाहून चाळीस मुलांची पानं उघडली गेली. तुझी बाजू सांगणारं काहीच उरणार नाही. शिवाय पुरावा नाहीसा करणं हा वेगळा गुन्हा आहे.

खुणा पुसण्याच्या नादात काय होतं त्याचं एक खरं उदाहरण देते. १९८३ साली अमेरिकेत मिलवॉकी शहरातली काही पोरं घरच्या संगणकावरून आणि टेलिफोनच्या तारेवरून मोठमोठ्या संस्थांच्या संगणकांत शिरली. शहराच्या दूरध्वनी कोडवरून त्यांना '४१४' असं नाव पडलं. लॉस अलामोसच्या अणुसंशोधन प्रयोगशाळेत ती शिरली, तशीच न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग या कर्करोग रुग्णालयातही. काही बिघडवायचा हेतू नव्हता, नुसती मजा होती. पण रुग्णालयाच्या संगणकातून आपल्या खुणा पुसताना तिथल्या बिलांच्या नोंदी उडाल्या, आणि जे नुकसान झालं ते त्या पुसापुशीमुळे. त्यांच्यातल्या १७ वर्षांच्या मुलाला पुढे अमेरिकी संसदेच्या समितीसमोर बोलावलं. आपलं चुकतंय हे कधी लक्षात आलं, असं विचारल्यावर त्याने सांगितलं, एफबीआयने दार वाजवलं तेव्हा. तुझ्या ते त्याच्या बरंच आधी लक्षात आलंय.

आता सिनेमाचं. तुझ्या पत्रात तीनदा 'पिक्चरमध्ये' आलंय, म्हणून याच्यावर जरा थांबते.

त्याच १९८३ सालच्या जूनमध्ये 'वॉरगेम्स' नावाचा चित्रपट आला. हॅकर म्हटलं की डोळ्यासमोर येणारं हुशार पोरगं बरंचसं तिथून आलंय. त्यातला मुलगा आधी शाळेच्या संगणकात शिरून गुण बदलतो आणि पुढे चुकून लष्कराच्या संगणकापर्यंत पोचतो. एफबीआय त्याला उचलते, तो निसटतो आणि शेवटी जग वाचवतो. अध्यक्ष रेगन यांनी तो पाहिला आणि आपल्या सेनाधिकाऱ्यांना विचारलं, असं खरंच घडू शकतं का? आठवड्याने उत्तर मिळालं की परिस्थिती याहून वाईट आहे. पुढच्या वर्षी सरकारी संगणकांच्या सुरक्षेबद्दल त्यांनी आदेश काढला, १९८६ मध्ये तिथे संगणक गुन्ह्यांचा कायदाही झाला. सिनेमाने एवढं करून दाखवलं, म्हणून मी सिनेमाला नुसता टाइमपास म्हणणार नाही. पण त्यातला मला सगळ्यात खरा वाटलेला भाग वेगळा आहे. शाळेचा पासवर्ड त्या मुलाला अफाट बुद्धीने सापडत नाही. तो ऑफिसमध्ये एका कागदावर लिहून ठेवलेला असतो.

तुझ्याही बाबतीत तेच झालंय. तू कुठलं कुलूप फोडलं नाहीस, कारण तिथे कुलूपच नव्हतं. पान मागणारा माणूस कोण आहे आणि त्याला ते बघायचा अधिकार आहे का, हे सर्व्हरने प्रत्येक वेळी तपासायचं असतं. त्या क्लासला संकेतस्थळ बनवून देणाऱ्याने ती तपासणी ठेवलीच नाही. ही चूक जगभर होते. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या 'ओवास्प' या संस्थेच्या २०२१ च्या यादीत याच प्रकारची चूक पहिल्या क्रमांकावर आहे. तेव्हा मित्राने तुला हॅकर म्हटलं ते डोक्यात जाऊ देऊ नकोस, आणि आपण फार मोठा गुन्हेगार झालो असंही समजू नकोस.

पोलीस लोकेशन काढून उचलतील का, असं तू विचारतोस. पडद्यावर नकाशावर लाल ठिपका सरकतो, कुणीतरी 'अजून तीस सेकंद बोलत ठेव' म्हणतं, मग गाड्या निघतात. प्रत्यक्षात काम कागदाने चालतं. ज्याचं संकेतस्थळ आहे त्याने तक्रार द्यायची. पोलीस त्याच्याकडून सर्व्हरच्या नोंदी मागवतात. त्यातून आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटच्या जोडणीला मिळालेला क्रमांक, निघतो. मग इंटरनेट देणाऱ्या कंपनीला पत्र जातं की त्या वेळी हा पत्ता कोणत्या ग्राहकाकडे होता, आणि उत्तर यायला वेळ लागतो. नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्यात असा केंद्राच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेचा २०२२ चा आदेश आहे, म्हणून काही दिवस शांततेत गेले म्हणजे प्रकरण मिटलं असंही नसतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. अशा प्रकरणात बहुतेक वेळा आधी हजर राहण्याची लेखी नोटीस येते. लॅपटॉप ताब्यात घेतला तर पंचांसमोर पंचनामा होतो, तो सीलबंद होतो आणि तपासणीला जातो. दार तोडून कुणी आत येत नाही.

खऱ्या पाठलागात पकडलं कोण जातं, तेही बघ. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला आणि ९४ कोटींहून जास्त रक्कम गेली. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली. इथे पोलिसांच्या हाती लागले ते कार्ड घेऊन एटीएमसमोर उभे राहिलेले लोक आणि त्यांना जमवणारे, कारण एटीएमला कॅमेरा असतो. परदेशात बसलेल्या सूत्रधारांचे चेहरे त्या कॅमेऱ्यात नव्हते. हे तुला मुद्दाम सांगते, कारण ज्याने मुलीचा नंबर मागितला तो उद्या 'नुसतं तुझं बँक खातं वापरू दे, कमिशन देतो' असंही म्हणेल. आपल्याकडे कितीतरी कॉलेजातली पोरं अशीच अडकतात. खातं, सिमकार्ड, ओटीपी, यातलं काहीही कुणाला भाड्याने द्यायचं नाही.

आणि नोकरीचं. 'अ वेडनेसडे' या हिंदी चित्रपटात पोलीस कॉलेज सोडलेल्या एका हॅकर पोराला थेट नियंत्रण कक्षात आणून बसवतात. तो प्रसंग तुझ्या मनात घर करून बसला असणार, कारण असं स्वप्न मला लिहिणारा तू पहिला नाहीस. त्याच्या जोडीला तू केविन मिटनिक या अमेरिकी हॅकरचं नाव घेतलंस, की त्याला शेवटी कंपन्यांनीच बोलावलं. बोलावलं, हे खरं. पण मधली वर्षं रीलमध्ये येत नाहीत. फेब्रुवारी १९९५ मध्ये एफबीआयने त्याला अमेरिकेतल्या रॅली शहरात पकडलं, मोबाईलच्या लहरींचा माग काढत. सुटला तो जानेवारी २००० मध्ये. काही महिने एकांत कोठडीत गेले. सुटल्यावरही २००३ पर्यंत त्याला इंटरनेट वापरायची बंदी होती. त्याच्या पाठलागावर सिनेमा निघाला, पण तुरुंगातल्या त्या पाच वर्षांवर कोण काढणार? एकाला पुढे काम मिळालं म्हणून तो काम मिळवायचा रस्ता होत नाही. सायबर पोलीस ठाण्यात बसायचं असेल तर त्यासाठी भरती असते, अभ्यासक्रम असतात, आणि तिथे आधी चारित्र्य पडताळणी होते. 'काहीतरी मोठं करून दाखवावं' हा विचार इथेच सोडून दे.

आता मला तुझ्या पत्राबद्दल एक बोलायचंय, रागावू नकोस. एवढ्या लांब पत्रात तू आहेस, मित्र आहे, पोलीस आहेत, क्लासचे सर आहेत. ज्यांची पानं उघडी पडली त्यांच्याबद्दल मात्र एक ओळ नाही. सिनेमातही असंच असतं. पळणारा असतो, पाठलाग करणारे असतात, आणि ज्यांची माहिती गेली ते लोक पडद्यावर कधी येतच नाहीत. एका पोराने पैसे देऊन एका मुलीचा नंबर मागितला. ती सतरा वर्षांची असेल, गावाहून येऊन होस्टेलला राहत असेल. तिच्या वडिलांचा नंबर आणि घरचा पत्ता त्या पानावर आहे. तुला जे दोन मिनिटांत सापडलं ते उद्या दुसऱ्यालाही सापडेल, आणि तो निरोपाला उत्तर न देता गप्प बसेलच असं नाही. तुझ्या बहिणीचं पानही त्याच रांगेत आहे. कुणाचा तरी रोल नंबर तिच्या अलीकडचा आहे, आणि त्यालाही शेवटचा आकडा बदलता येतो.

म्हणून गप्प बसणं हा पर्याय मला पटत नाही. तुझी भीती मात्र खोटी नाही. आपल्या कायद्यात चांगल्या हेतूने चूक दाखवून देणाऱ्याला स्पष्ट संरक्षण नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ परवानगीशिवाय माहिती उतरवून घेण्याबद्दल आहे, तुझे स्क्रीनशॉट त्यात बसवता येतील आणि भरपाई मागता येईल. तेच अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलं तर कलम ६६ लागतं, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तो गुन्हा जामीनपात्र आहे. आज तुझ्याकडे कपट दिसत नाही. तो नंबर काढून दिला असतास किंवा एक गुण जरी बदलला असतास, तर चित्र पार बदललं असतं. तेव्हा त्या दोघांना आता गप्प राहून नव्हे, लिहून उत्तर दे: 'मी असलं काही करणार नाही, पुन्हा विचारू नकोस.' आणि ते तसंच ठेव.

निनावी ईमेल पाठवावा असं तुला वाटेल. सिनेमात तेच करतात. ते करू नकोस. 'तुमची साइट असुरक्षित आहे' असं अनोळखी ईमेल आलं की क्लासवाल्याला ती धमकी वाटते, पुढचं ईमेल पैसे मागणारं असेल असं तो धरून चालतो आणि थेट पोलिसांकडे जातो. मग तुझा शोध लागलाच तर लपून धमकावणारा म्हणून लागेल.

माझ्या मते आधी तुझ्या कॉलेजातल्या संगणकाच्या एखाद्या विश्वासाच्या सरांना किंवा मॅडमना सगळं सांग, स्क्रीनशॉट आणि स्टेटससकट. त्यांच्यासमोर पान पुन्हा उघडून दाखवू नकोस, तोंडी सांगणं पुरे. मग एका वकिलाला भेट. पैशाची अडचण असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, उत्पन्न मर्यादेत असेल तर तिथे मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं. क्लासला द्यायचं पत्र त्यांना दाखवल्याशिवाय पाठवू नकोस. पत्र साधारण असं असावं:

"माझी बहीण आपल्या क्लासची विद्यार्थिनी आहे. अमुक तारखेला तिचा निकाल बघताना पानाच्या पत्त्यातला रोल नंबर बदलल्यावर इतर विद्यार्थ्यांची पानं पासवर्ड न विचारता उघडतात असं माझ्या लक्षात आलं. मी अंदाजे चाळीस पानं उघडली आणि काहींचे स्क्रीनशॉट घेतले. त्यातला एक माझ्या ओळखीच्या मुलाने स्टेटसला ठेवला होता, तो काढला आहे. मी कोणतीही माहिती बदललेली नाही आणि कुणाला विकलेली नाही. स्क्रीनशॉट आपण सांगाल तेव्हा आपल्यासमोर पुसतो. पानावर मोबाईल नंबर आणि पत्ते आहेत, म्हणून दुरुस्ती होईपर्यंत ते पान बंद ठेवावं ही विनंती."

एवढंच. 'हॅक' हा शब्द नको. बक्षीस, नोकरी, फी माफी, काहीही मागायचं नाही. मागितलंस की त्या क्षणी पत्राला खंडणीचा वास येतो. इतर मुलांचे स्क्रीनशॉट पत्राला जोडायचे नाहीत. पत्र शक्यतो त्या सरांना सोबत घेऊन हातोहात दे आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घे.

क्लासवाले ऐकून घेणार नाहीत, किंवा भडकतील अशी भीती असेल, तर सर्ट-इनला कळव. अशा त्रुटींची माहिती स्वीकारून संबंधितांना दुरुस्त करायला सांगणं हे तिच्या कामातच येतं, कळवायची पद्धत तिच्या संकेतस्थळावर दिलेली आहे. खरं तर पत्र देतानाच तिकडेही कळवावं असं मी म्हणेन, म्हणजे तू कधी आणि काय सांगितलंस याची बाहेर एक नोंद राहते. बहिणीला काढून टाकतील का? चूक दाखवली म्हणून एका मुलीला काढलं, आणि ते सरांना, वकिलाला आणि सर्ट-इनला ठाऊक आहे, अशी गोष्ट लातूरसारख्या गावात कुठल्याच क्लासला परवडणारी नाही. तिथे सगळा धंदा पालकांच्या विश्वासावर चालतो. तरीही शंभर टक्के खात्री मी देऊ शकत नाही. पोलिसांची नोटीस आलीच तर वकिलासोबत जा आणि जे झालं ते तसंच सांग.

असंच काही सापडलेल्या इतर वाचकांसाठीही सांगते. पहिलं पान चुकून उघडलं तर तिथेच थांबा. 'खरंच सगळ्यांचंच दिसतं का' हे बघायला दुसरं उघडायची गरज नसते, एक पुरेसं असतं. मित्राला दाखवू नका. आणि पालकांनो, मुलगा असं काही सांगत आला तर पहिल्या दहा मिनिटांत ओरडू नका. पोरं मारापेक्षा या ओरडण्याला भिऊन गप्प बसतात आणि मग फॉरमॅटसारखे उद्योग करतात.

मित्रा, तुझी नजर चांगली आहे. तो आकडा बघून 'बदललं तर काय होईल' असा प्रश्न पडणं, याच्यावरच या क्षेत्रात माणसं पोट भरतात. ती नजर वापरायला परवानगीच्या जागा आहेत. 'डीव्हीडब्ल्यूए' आणि 'ओवास्प ज्यूस शॉप' ही मुद्दाम भोकं ठेवून बनवलेली संकेतस्थळं आहेत. स्वतःच्या लॅपटॉपवर चढव आणि हवी तेवढी फोड, फुकट आहेत. कार्नेगी मेलन विद्यापीठाची 'पिकोसीटीएफ' ही विद्यार्थ्यांसाठीची स्पर्धा आहे, तिच्या सरावाचे प्रश्न वर्षभर सोडवता येतात. पुढे कंपन्यांच्या बग बाउंटी योजना आहेत, म्हणजे चूक शोधून कळवणाऱ्याला बक्षीस देणाऱ्या. तिथे काय तपासायचं आणि कशाला हात लावायचा नाही हे लिहून दिलेलं असतं. ते आधी नीट वाचायची सवय लाव. पदवीनंतर पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेत सुरक्षेचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, पात्रता बघून ठेव. या कामात टाइप करण्यापेक्षा वाचणं आणि लिहिणं जास्त असतं. हजारो ओळींच्या नोंदी वाचायच्या आणि सापडलेली चूक ज्याला संगणक कळत नाही त्यालाही समजेल अशी लिहायची. वरचं पत्र तू स्वतःच्या शब्दांत नीट लिहिलंस तर तो त्याचा पहिला सराव होईल.

वडिलांना आत्ता सांगायचं की पत्र दिल्यावर, ते तू ठरव. त्यांचा स्वभाव तुला माहीत. बहिणीला मात्र पत्र जायच्या आधी सांग. क्लासमध्ये रोज तिला जायचंय. कुणी काही बोललं तर तिला आधीच ठाऊक असायला हवं, आणि तिचंही पान त्यात आहे, म्हणून हे सांगायचं की नाही यावर तिचं मतही विचार.